वाहतुकीचे चलान आणि वकिलाचे सहाय्य

वाहतुकीच्या नियमभंगाचे चलान हाती पडले की रक्कम भरून मोकळे व्हावे, असा सर्वसाधारण कल असतो. चूक घडली असेल तर हा मार्ग योग्यच होय. परंतु चलान हा आरोप आहे, न्यायनिर्णय नव्हे. आरोप अमान्य असणाऱ्यास न्यायालयात बाजू मांडण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० अन्वये तडजोड शुल्क भरल्यास त्या अपराधाबद्दल खटला चालत नाही. मात्र २०१९ च्या सुधारणेनुसार, असा मिटविलेला अपराधही पुढे पूर्वीचा अपराध म्हणून जमेस धरला जातो व पुनरावृत्ती झाल्यास अनेक कलमांखाली शिक्षा वाढते. टेम्पो किंवा रिक्षा चालवून ज्याचा संसार चालतो, त्याने न केलेल्या चुकीची रक्कम निमूटपणे भरणे म्हणूनच हिताचे नसते.

ग्रामीण भागात विकलेल्या मोटारसायकलीचे चलान पुष्कळदा जुन्या मालकाच्या नावे येते. कारण नोंदणीतील नाव बदललेले नसते. राज्यातल्या राज्यात वाहन विकल्यास चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणास कळविणे कलम ५० अन्वये विकणाराचे कर्तव्य आहे. त्याची पोच जपून ठेवावी.

वकील केव्हा आवश्यक?

वाहनाचा क्रमांक चुकीचा वाचला गेला असेल, तर चलानासोबतचे छायाचित्र तपासून विहित मुदतीत वाहतूक शाखेकडे लेखी तक्रार करावी. अशा किरकोळ प्रकरणी वकिलाची फी दंडाहून अधिक व्हावयाची. प्रकरण न्यायालयात गेले तरी स्वतः बाजू मांडता येते. तसेच केवळ दंडास पात्र अशा बहुतेक प्रकरणी कलम २०८ अन्वये वकिलामार्फतही हजर राहता येते. त्यामुळे रोजंदारी बुडत नाही.

कारावास किंवा परवाना गमावण्याचा संभव असेल तेथे मात्र वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. मद्यप्राशन करून वाहन चालविल्यास कलम १८५ अन्वये पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा अपराध शुल्क भरून मिटत नाही. दोषी ठरल्यास चालकास सर्वसाधारणतः किमान सहा महिने परवान्यासाठी अपात्र ठरविले जाते. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे गुन्हा कबूल केल्यानंतर शिक्षेचे प्रमाण वा वैधता एवढ्यापुरतेच अपील उरते. म्हणून सल्ला घ्यावयाचा तो कबुलीपूर्वी.

विनामूल्य विधी सहाय्य

ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ आहे. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, अटकेतील व्यक्ती आणि विहित मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना विनामूल्य वकील मिळू शकतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. तडजोडयोग्य प्रकरणे लोकअदालतीतही निकाली निघतात. तेथे वकील असलाच पाहिजे असे नाही.

गावात नोटीस आली की लोक प्रथम सरपंच, शिक्षक किंवा ग्रामसेवक यांच्याकडे धाव घेतात. त्यांनी नोटिशीतील कलम व मुदत वाचून दाखविली आणि योग्य कार्यालयाची वाट दाखविली, तरी एखाद्या चालकाची उपजीविका वाचू शकेल.