चेटकिणींच्या जत्रेत टिटुबा कुठे आहे?

३१ ऑक्टोबर जवळ आला की मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये कागदी भोपळे, कवट्या आणि काळ्या टोकदार टोप्या लटकू लागतात. हॅलोविन नावाचा हा सण आपल्याकडे बाजाराच्या पाठीवर बसून आला. त्याच्या नावाने गळा काढणारे संस्कृतिरक्षकही मग दरवर्षी उगवतात. आमची तक्रार ती नाही. पोरांनी तोंडाला रंग फासावा, हसावे, नाचावे. आमचा सवाल वेगळाच आहे. या सणात झाडूवर बसलेली जी चेटकीण दिसते, ती मुळात कोण होती? या सवालाचे उत्तर शोधायचे तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सेलम शहरात जावे लागते.

सेलम म्हणजे तामिळनाडूतले नव्हे. हे मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या उत्तरेला समुद्राला लागून आहे. वस्ती ४४ हजारांच्या आसपास. एके काळी इथली गलबते मिरी आणि कापड आणायला सुमात्रा, कलकत्ता आणि मुंबईपर्यंत येत. तो व्यापार बुडाला. आज या शहराचा मोठा व्यापार आहे तो चेटकिणीचा. १९८२ पासून इथे 'हॉन्टेड हॅपनिंग्ज' नावाची जत्रा भरते. आता ती अख्खा ऑक्टोबर चालते. मिरवणूक, सोंगे, भुताटकीची घरे, रात्रीच्या सहली आणि शेवटच्या रात्री रस्त्यावर उसळलेली गर्दी. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी एकट्या ऑक्टोबरात दहा लाखांहून अधिक माणसे तिथे येऊन गेली. पोलिसांच्या बिल्ल्यावर झाडूवरची चेटकीण, शाळेच्या खेळाडूंच्या संघाचे नाव 'विचेस'. २००५ साली तर टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेतील चेटकिणीचा पुतळाच भर चौकात बसवला गेला.

गंमत अशी, की ज्या घटनेवर ही जत्रा उभी आहे तिचा हॅलोविनशी काडीचाही संबंध नाही. हॅलोविन मूळचा आयर्लंडकडचा. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या स्थलांतरितांनी तो अमेरिकेत रुजवला. सेलमचे हत्याकांड घडवणारे प्युरिटन लोक तर इतके कर्मठ, की त्यांनी १६५९ साली नाताळ साजरा करण्यावरही बंदी घातली होती. सेलमची फाशीसत्रे झाली ती १६९२ च्या जून ते सप्टेंबर या काळात. १९ जणांना फाशी दिली गेली, त्यांत १४ स्त्रिया होत्या. आरोप मान्य वा अमान्य करण्यासच नकार देणाऱ्या गाइल्स कोरी या वृद्ध शेतकऱ्याच्या छातीवर दगड रचून त्याला मारले. निदान पाच जण तुरुंगात मेले. दीडशेवर माणसांवर आळ आला. यातली एकही चेटकीण नव्हती. कारण चेटूक नावाची गोष्टच अस्तित्वात नाही.

आता पहिला आळ कोणावर आला ते पाहा. आजारी मुलींच्या तोंडून तीन नावे निघाली. सारा गुड ही दारोदार भीक मागणारी. सारा ऑस्बोर्न ही पहिल्या नवऱ्याच्या जमिनीच्या वादात अडकलेली आणि आपल्याच गड्याशी दुसरे लग्न केलेली. तिसरी टिटुबा. ती गावच्या धर्मगुरूची, सॅम्युएल पॅरिसची गुलाम. कागदोपत्री तिची नोंद 'इंडियन' अशी आहे, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी. भिकारीण, जमीनवाली बाई आणि गुलाम! वाचकहो, ही यादी आपल्या ओळखीची वाटत नाही काय? आळ कधी मोकळ्या हवेतून पडत नाही. तो उतरंड बघून पडतो.

या खटल्यांत न्याय करणारे अडाणी नव्हते. न्यायपीठाचा प्रमुख विल्यम स्टॉटन हा हार्वर्डचा पदवीधर होता. तरीही 'हिचे भूत मला रात्री छळते' हे वाक्य पुरावा म्हणून चालले. जो कबूल झाला तो वाचला, जो 'मी निर्दोष आहे' म्हणत राहिला तो फासावर गेला. टिटुबाने कबुली दिली. पण रॉबर्ट कॅलेफ या समकालीन लेखकाने १७०० सालच्या पुस्तकात नोंदवून ठेवले आहे, की मालकाने मारहाण करून आपल्याकडून हे वदवून घेतले, असे ती पुढे सांगत होती. आळ खालच्या पायरीवर होता तोवर यंत्र सुरळीत चालले. पुढे तो वर चढत गेला, आणि खुद्द गव्हर्नर फिप्सच्या बायकोच्या नावाची कुजबुज सुरू झाली. त्याच ऑक्टोबरात गव्हर्नरने ते न्यायालय बंद केले. धर्मगुरूंमध्येही तोवर शंका बोलल्या जाऊ लागल्या होत्या, हे खरे. पण न्यायबुद्धीला जाग नेमकी तेव्हाच यावी, हा निव्वळ योगायोग समजावा काय?

नंतर भरपाई झाली. १७११ साली सरकारने ५७८ पौंड मंजूर केले. सारा गुडच्या नवऱ्याला ३० पौंड मिळाले. याच माणसाने भर चौकशीत बायकोवर संशय व्यक्त केला होता! त्यांची चार-पाच वर्षांची मुलगी महिनोन् महिने बेड्यांत होती, तान्हे मूल तुरुंगात दगावले होते. आणि टिटुबा? तिच्यावर खटला उभाच राहू शकला नाही. पण तुरुंगाचा खर्च कैद्याने भरायचा असा तेव्हाचा नियम होता आणि मालकाने तो भरला नाही. १६९३ मध्ये कोणीतरी पैसे भरून तिला नेले, आणि ती इतिहासातून नाहीशी झाली. तिला भरपाई नाही, माफी नाही. जिच्यापासून हे प्रकरण पेटले म्हणून सांगतात, तिचे थडगेही कोणाला दाखवता येत नाही.

तरीही सेलमकडून घेण्यासारखे आहे. सॅम्युएल स्यूअल या न्यायाधीशाने १६९७ साली चर्चमध्ये उभे राहून आपला दोष कबूल केला. १९९२ साली तीनशे वर्षांनी शहराने स्मारक उभारले. दगडी भिंतीतून बाहेर आलेली वीस बाके, प्रत्येकावर एक नाव, मृत्यूची तारीख. उंबऱ्याच्या दगडावर बळींचे शब्द कोरले आहेत आणि ते भिंतीखाली अर्धवट तुटतात. जिथे फाशी दिली ती प्रॉक्टर्स लेज ही जागा संशोधकांनी निश्चित केल्यावर २०१७ साली तिथेही स्मारक झाले. २००१ साली पाच स्त्रियांना नावानिशी निर्दोष ठरवणाऱ्या कायद्यावर सही झाली, तीही ३१ ऑक्टोबरला. राहून गेलेली एलिझाबेथ जॉन्सन २०२२ साली निर्दोष ठरली, कारण नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेतील आठवीच्या मुलांनी तिचे प्रकरण हाती घेतले होते. जत्रेचा गोंगाट एकीकडे, पण कागद उघडे आहेत आणि नावे दगडावर आहेत.

आणि आमच्याकडे? आमच्याकडे हे १६९२ चे प्रकरण नाही, चालू वर्तमानाचे आहे. सातपुड्यात डाकीण, कुठे भुताळी, झारखंडात डायन, छत्तीसगडात टोनही. शब्द बदलतो, बाई तीच. विधवा, एकटी, बहुधा आदिवासी वा दलित, आणि बऱ्याचदा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाला खुनाच्या कारणांत 'जादूटोणा' असा वेगळा रकाना आजही ठेवावा लागतो. बिहारने १९९९ साली, झारखंडने २००१ साली, छत्तीसगडने २००५ साली कायदे केले. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा मात्र वर्षानुवर्षे रखडला आणि २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे रक्त सांडल्यावरच आला. झारखंडच्या छुटनी महतो यांनी डायन ठरवल्या गेल्याचा छळ स्वतः सोसला आणि पुढे अशा कित्येक बायांना वाचवले. त्यांना आणि आसामच्या बिरुबाला राभा यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सन्मान झाला, चांगले झाले. पण ज्या वाचल्या नाहीत त्यांची नावे कुठे आहेत? एफआयआरच्या पिवळ्या कागदात, आणि तीही दाखल झाली असेल तर.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. आपल्या पोरांनी हॅलोविनची टोपी जरूर घालावी, पण ती टोपी कोणाच्या डोक्यावर जबरदस्तीने बसवली जाते, हेही घरात त्यांना सांगावे. महाराष्ट्राच्या कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. आपल्या तालुक्यात तो कोण, हे कार्यकर्त्यांनी पोलीस ठाण्यात जाऊन विचारावे. एखाद्या बाईकडे गाव बोट दाखवू लागले, की देवऋषी पोहोचण्याआधी तिच्या दारात आपण पोहोचावे. वैज्ञानिक दृष्टिकोन हे संविधानाने सांगितलेले नागरिकाचे कर्तव्य आहे, भाषणापुरते वाक्य नव्हे. आणि जी मारली गेली तिचे नाव गावाने दगडावर कोरावे. सेलमला त्यासाठी तीनशे वर्षे लागली, आणि टिटुबाला तेव्हाही बाक मिळाले नाही. आमच्या टिटुबांना इतकी वाट पाहायला लावू नका.