बांधलेलं इंजिन पाण्यावर नेऊन बघा

जुनं आउटबोर्ड इंजिन खोलून पुन्हा बांधणं नारायणगाव-मंचरकडच्या चांगल्या मेकॅनिकला जड नाही. जो हात मोटरसायकल आणि पाण्याच्या पंपावर बसलेला आहे, तो टू-स्ट्रोक आउटबोर्डही उलगडतो. बोअर मारलं, पिस्टन-रिंगा टाकल्या, सील आणि गॅस्केट बदलले, पाण्याने भरलेल्या पिंपात इंजिन उभं केलं, दोरी ओढली, आवाज आला, काम फत्ते. माझं ठाम मत आहे की इथे निम्मंच काम झालेलं असतं. पिंपात इंजिनावर भार नसतो. भरल्या होडीला लावून मोकळ्या पाण्यावर नेल्याशिवाय त्याचा भरवसा ठरत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ओले एव्हिनरूड यांनी १९०९मध्ये अमेरिकेत आउटबोर्ड विकायला सुरुवात केली आणि होडीच्या पाठीला टांगायचं इंजिन जगभर गेलं. नारायणगाव-मंचरकडच्या आपल्या दोन तालुक्यांत समुद्र नाही, पण कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचं डिंभे. ओझरच्या विघ्नहराच्या दारातलं बोटिंग येडगावच्या फुगवट्यावर चालतं. डिंभ्याच्या जलाशयाला महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे आणि त्याच्या पोटात जुनं आंबेगाव आहे. धरणात जमिनी गेलेल्या आदिवासींनी याच पाण्यावर मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. त्यांना साथ देणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. डिंभ्याच्या काठावर गेलात तर या माणसांशी जरूर बोला. पाण्याची त्यांची जाण फार खोल आहे.

आता इंजिनाकडे वळतो. वापरलेलं आउटबोर्ड घ्यायचं तर माणूस साहजिकच कोकणात चौकशी करतो. पण किनाऱ्यावरून घाट चढून आलेल्या इंजिनात दोन गोष्टी दडलेल्या असतात. पहिली म्हणजे मीठ. थंड करणारं पाणी ज्या वाटांनी सिलिंडरभोवती फिरतं, त्यांत खाऱ्या पाण्याचा थर धरलेला असतो. बाहेर पाण्याची धार जोरात पडताना दिसते, आत मात्र हेडजवळची वाट अर्धी बुजलेली असते आणि नवा पिस्टन तापून धरतो. म्हणून बांधणीच्या वेळीच त्या वाटा खरवडून, धुऊन मोकळ्या करायच्या. थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून तो उघडतो का, हे डोळ्यांनी बघायचं.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि माझा जीव तिच्यात जास्त रमतो. डिंभ्याचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण ८ टक्के कमी. कार्बोरेटरला हे कळत नाही. त्याचे जेट किनाऱ्याच्या हवेचा हिशेब धरून पेट्रोल सोडत राहतात. मिश्रण घट्ट होतं, प्लग काळा आणि ओला पडतो आणि हळू चालताना इंजिन मिसिंग करतं. मेकॅनिक इग्निशन कॉइलवर संशय घेतो, कॉइल बदलली जाते, आजार तसाच राहतो. आधी फ्लोटची उंची बघा, आयडलचं छिद्र तारेने न टोकरता क्लीनर आणि हवेने साफ करा, मग आयडलचा स्क्रू होडी पाण्यात आणि इंजिन गिअरमध्ये असताना लावा. दोन कार्बोरेटर असतील तर दोन्हींच्या फुलपाखरी झडपा एकाच क्षणी उघडल्या पाहिजेत. मेन जेट बारीक करायचा मोह मात्र आवरा. पूर्ण रेसवर मिश्रण पातळ झालं की टू-स्ट्रोकला तेलही कमी पोचतं. प्लग चॉकलेटी रंगावर आला की थांबायचं. पांढरा पडला तर तुम्ही पुढे गेलात.

हवा विरळ म्हणून ताकदही ७-८ टक्क्यांनी उतरते. किनाऱ्यावर ठीक बसलेला पंखा इथे जड जातो. टॅकोमीटर लावून, नेहमीची माणसं बसवून पूर्ण रेस द्या. कंपनीने दिलेल्या फेऱ्यांपर्यंत इंजिन पोचत नसेल, तर एक इंच कमी पिचचा पंखा बसवा. मिनिटाला १५० ते २०० फेरे वाढतात. कण्हत चाललेलं इंजिन फार दिवस टिकत नाही.

पेट्रोलबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्याच उसाच्या पट्ट्यातून इथेनॉल येतं याचा आनंद आहे, पण होडीच्या टाकीत ते जपून वापरावं लागतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं आणि टू-स्ट्रोकचं तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीची नळी ओढते तळातूनच! म्हणजे इंजिनाला तेलाविना द्रव मिळतो. महिनाभर पडून राहिलेलं मिश्रण इंजिनात घालू नका, पाणी वेगळं काढणारा फिल्टर लावा, जुन्या रबरी नळ्या बदला. तेल टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचं, आउटबोर्डसाठीचंच घ्या. स्कूटरच्या तेलाची राख पिस्टनच्या माथ्यावर साठते.

रिंगा बसायला पहिले १० तास द्या. या काळात तेल दुप्पट, बहुतेक इंजिनांना २५ला १. नंतर ५०ला १. पहिला तास मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास, दुसरा ३०००पर्यंत, पण एकाच रेसवर अडकून नाही. पुढे पूर्ण रेस दिलीत तरी पाच मिनिटांच्या आतच. दहा तासांनी कॉम्प्रेशन मोजा. सिलिंडरांमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक आला, तर इंजिन पुन्हा खोला. गिअरचं तेलही तेव्हाच बघा. ते दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय, आणि कारण बहुधा पंख्यामागे गुंडाळलेला जाळ्याचा धागा असतो. तो सील कापतो.

दिवाळीत धरणं भरलेली असतात, मे महिन्यात बुडालेली खोडं आणि भिंती पृष्ठभागाजवळ येतात. पावसाळ्याचं गढूळ पाणी पंपातला रबरी इम्पेलर झिजवतं. या होड्यांत भाविक बसतात, शाळेची मुलं बसतात. बोट चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे: हंगाम सुरू होण्याआधी इम्पेलर बदला, इंजिनाच्या तासांची वही ठेवा आणि इंजिन कितीही चांगलं लागलं तरी होडीत वल्ही आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट असल्याशिवाय काठ सोडू नका.