एरंडोलकर : आडनाव आणि गावकूस

'एरंडोलकर' हे विरळ आडनाव एरंडोलात शोधू नये. अंजनीकाठच्या या गावात सारेच एरंडोलचे. तेथे गावाच्या नावाने माणूस वेगळा ओळखता येत नाही. गाव सोडून गेलेल्याला परमुलखातले लोक गावावरून हाक मारतात. ती हाक कागदावर चढली की आडनाव होते. म्हणून 'कर' लावणारी घरे मूळ गावापेक्षा बाहेरच अधिक सापडतात. शिवाय कोल्हापूरच्या आजरा तालुक्यातही एरंडोळ नावाचे गाव आहे. तेव्हा प्रत्येक एरंडोलकर खानदेशीच, असे मी मानत नाही. घरची बोली, कुलदैवत, सोयरीक तपासली पाहिजे.

कोकणात, गोव्यात 'कर' पावलोपावली भेटतो. खानदेशात मात्र पाटील, चौधरी, महाजन ही हुद्द्याची आणि सोनवणे, भालेराव ही कुळाची आडनावे पुढे येतात. येथे खरा प्रश्न उभा राहतो. महारही वतनदारच होता. मग त्याच्या वतनाचे काय झाले? पाटलाचे वतन त्याचे आडनाव झाले, महाराचे वतन त्याची जात ठरली. जुन्या कागदात बापाच्या नावापुढे 'महार' लिहिले की ओळख संपली. कुळाचे नाव सोयरिकीपुरते उरले. या वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक मांडले. वतन संपले ते १९५८ च्या कायद्याने.

बाबासाहेबांचे कूळ सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव 'भिवा रामजी आंबेडकर' असे दाखल झाले. ज्या गावगाड्याने आम्हाला गावकुसाबाहेर ठेवले, त्यातल्याच एका लहान गावाचे नाव अस्पृश्याच्या पोराने जगभर नेले.

पण 'कर' लावल्याने जात पुसत नाही. 'गाव कोणते?' याच्या मागोमाग 'वाडा कोणता?' हा प्रश्न येतोच. आणि नातवाला जातीचा दाखला काढताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, तेव्हा आजोबाच्या नोंदीतले आडनाव वेगळे निघते व धावपळ सुरू होते. म्हणून शिक्षकांनी शाळेची जुनी दाखल-खारीज रजिस्टरे आणि कार्यकर्त्यांनी कोतवाल बुके पाहून, कोणत्या पिढीत कोणते नाव बदलले, याची नोंद करावी. गावोगावी अशी वही झाली तर ती आपला इतिहास होईल, आणि कचेरीत पुरावाही.