स्टूल हाये

नागपुरातल्या बर्डीच्या मेन रोडवर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीला लागून असलेल्या एका गल्लीत, दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक नटी तालीम करते. खिडकी लावली तर कोंडल्यासारखं होतं आणि उघडी ठेवली तर फेरीवाल्यांचे आवाज आत येतात. ती उघडीच ठेवते. जे नाटक ती लिहून राहिली आहे, ते याच रस्त्यावरचं आहे.

तिची ओळख सध्या एवढीच : मालिकांतल्या छोट्या भूमिका, एका वेबसिरीजमधलं एका दिवसाचं काम आणि त्याआधी कॉलेजच्या एकांकिका. नाव नको म्हणाली, आधी काम उभं राहू दे. मुंबईहून तिला जे बोलावणं येतं, ते बहुतेक कामवालीसाठी किंवा हसवणाऱ्या शेजारणीसाठी. वऱ्हाडी बोली कानावर पडली की लोक हसायच्या तयारीनंच बसतात, याचा तिला मनापासून त्रास होतो. मलाही होतो. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'नं 1985 सालीच या बोलीतलं दुःख रंगमंचावर आणलं होतं. पडद्यावर मात्र ती बोली अजून बहुतेक विनोदापुरतीच वापरली जाते. मग आपली भूमिका आपणच लिहायची, असं तिनं ठरवलं.

नाटक एकपात्री आहे. साड्यांच्या दुकानात काम करणारी एक बाई, सकाळी शटर वर जाण्यापासून रात्री ते खाली येईपर्यंत. केरळात 2018 साली दुकानांतल्या बायकांना कामाच्या वेळात बसण्याचा हक्क कायद्यानं मिळाला, 2021 मध्ये तमिळनाडूनंही तसा कायदा केला. ती बातमी वाचून ती बर्डीतल्या दुकानांत गिऱ्हाईक म्हणून जाऊ लागली. साडी बघायची आणि साडी दाखवणारीचे पाय बघायचे. एका पायावरचं वजन दुसऱ्यावर कधी जातं, पाठ रॅकला टेकवून दोन क्षण कशी सोडवून घेतात, मालक वळला की चेहरा कसा लगेच ताजा होतो, हे सगळं तिच्या वहीत आहे. संवाद मात्र त्या वहीत फारसे नाहीत. बायका कामाबद्दल तक्रार करतच नाहीत, असं तिच्या लक्षात आलं होतं.

मी पाहिली ती तालीम एका वाक्याची होती. वहीत लिहिलं होतं, "दिवसभर उभं राहून राहून माझे पाय सुजतात." ते तिनं उभ्यानं म्हणून पाहिलं, साडीची घडी मोडता मोडता म्हणून पाहिलं, मग मान हलवली. वाक्य बरोबर होतं, पण ते दुकानातल्या बाईचं नव्हतं. तिच्याबद्दल लिहिणाऱ्या कुणाचं तरी होतं. तिनं पेन्सिलीनं खोडून खाली लिहिलं, "बसाले स्टूल हाये. पन बसत कोनी नाई." हे जमलं. खोलीत आम्ही तिघं होतो आणि तिघांनाही ते कळलं. पण ती थांबली नाही. पुन्हा घडी मोडली, पदर खांद्यावर टाकून गिऱ्हाइकाला दाखवला आणि नुसतं म्हणाली, "स्टूल हाये." नजर क्षणभर कोपऱ्याकडे गेली, परत गिऱ्हाइकावर आली. पुढचं अर्धं वाक्य तिनं वहीतून कापून टाकलं.

लेखिकेनं मोठ्या कष्टानं मिळवलेलं वाक्य नटीनं अर्ध्यावर आणलं. दुसऱ्या कुणी लिहिलेल्या संहितेत तिला हे करता आलं नसतं. विचारावं लागलं असतं आणि बहुधा नाहीच म्हटलं गेलं असतं. दोन्ही कामं एकाच अंगात असली की शरीर शब्दांना कात्री लावतं.

आपल्याकडे बहुतेक नट्यांच्या हाती लेखणी फार उशिरा आली. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' 1970 साली पुस्तक म्हणून आलं, तेव्हा त्यांची उमेदीची वर्षं सरली होती, आणि त्यांच्या सांगण्याला लिखित रूप दिलं ते अरुण साधूंनी. पुढे त्यावरून 'भूमिका' हा चित्रपट झाला. म्हणजे आयुष्य जगून झाल्यावर ते सांगायचं. सुषमा देशपांडे यांनी 1989 मध्ये 'व्हय, मी सावित्रीबाई' स्वतः लिहून स्वतः सादर केलं आणि वेगळी वाट दाखवली. अभिनय करणाऱ्या मधुगंधा कुलकर्णी यांनी 'एलिझाबेथ एकादशी' (2014) हा चित्रपट लिहिला. तिकडे ब्रिटनमध्ये फीबी वॉलर-ब्रिजचं 'फ्लीबॅग' 2013 साली एडिनबरोच्या महोत्सवात एकटीनं करायचा प्रयोग होता. तीन वर्षांनी त्याची बीबीसीवर मालिका झाली. मायकेला कोएलची 'च्युइंग गम' मालिकाही तिच्या एकपात्री नाटकातूनच आली. बर्डीतल्या या खोलीत ही नावं रोज निघतात. त्यांचं यश मोठं आहे म्हणून नव्हे. एक नटी, एक खुर्ची आणि स्वतःचे शब्द एवढ्यावर सुरुवात होते, हे त्यांनी करून दाखवलं म्हणून.

झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे. तिथल्या धनवटे रंगमंदिरात नागपूरच्या कितीतरी पिढ्यांनी नाटकं पाहिली. आता मोठ्या सभागृहाचं भाडं, प्रकाशयोजना, नेपथ्य हे सगळं एकट्या मुलीच्या खिशाबाहेरचं आहे. म्हणून ती नाटकाचे तुकडे मोबाइलवर चित्रित करते. पांढरी भिंत, खिडकीचा उजेड, फोन आडवा. गिऱ्हाइकाचे प्रश्न मैत्रीण फोनच्या अगदी शेजारी बसून हळू आवाजात म्हणते, म्हणजे नजर योग्य जागी राहते. ऑडिशनला पाठवायच्या चित्रफितीची हीच पद्धत आहे : आधी नाव, वय, उंची, डावी-उजवी बाजू, मग प्रसंग. फरक इतकाच की प्रसंग आता तिचा स्वतःचा असतो.

मैत्रिणीचं मात्र एका बाबतीत तिच्याशी पटत नाही. "नुसतं 'स्टूल हाये' म्हटलं तर पुण्या-मुंबईच्या माणसाले काय समजनार?" ती विचारते. नटी म्हणते, समजेल. मैत्रीण म्हणते, तुले समजते, कारन तूच लिहिलं. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. स्वतःचं लिहिलेलं स्वतः करताना बाहेरून बघणारा डोळा लागतोच, आणि तो अजून मिळालेला नाही. दिग्दर्शनासाठी दोघा-तिघांना विचारून झालंय. तोवर दोन चित्रफिती तयार आहेत, एक पूर्ण वाक्याची आणि एक अर्ध्या. येत्या आठवड्यात ती दोन्ही घेऊन बर्डीतल्या त्याच दुकानांपैकी एकात जाणार आहे, जेवणाच्या सुटीत तिथल्या बायकांना दाखवायला.