झाडूच्या दांड्याला पंखा

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कँटन शहरात जेम्स मरे स्पँग्लर एका मोठ्या दुकानात साफसफाईचं काम करत. त्यांना दमा होता, आणि गालिचे झाडताना उडणारी धूळ थेट छातीत जायची. 1907 मध्ये त्यांनी पंख्याची मोटर, साबणाची पेटी, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक यंत्र उभं केलं. 1908 मध्ये त्याचं पेटंटही मिळालं.

धूळ ओढणारी यंत्रं त्याआधीही होती. 1901 मध्ये इंग्लंडमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ यांचा पंप घोडागाडीवर यायचा, रस्त्यावरच थांबायचा आणि खिडकीतून लांब नळ्या घरात जायच्या. त्याची सारी भिस्त हवेच्या ओढीवर होती. स्पँग्लर यांनी पंख्याच्याच मोटरवर पट्ट्याने फिरणारा ब्रशही चालवला. उभ्या व्हॅक्यूम क्लीनरचं मर्म या जोडणीत आहे. गालिच्यातली बारीक रेती धाग्यांच्या मुळाशी रुतून बसते आणि हवा मात्र सोप्या वाटेने वरूनच निघून जाते. ब्रश धागे मोकळे करतो, रेती उचकटतो. मग हवा तिला घेऊन जाते.

हे पेटंट विल्यम हूव्हर यांनी विकत घेतलं. त्यांचा धंदा घोड्यांच्या चामडी साजाचा. मोटारगाड्या आल्यावर त्याचे दिवस भरत आलेले. 1926 मध्ये त्यांच्या कंपनीने ब्रशच्या रोलरवर धातूच्या पट्ट्या बसवल्या. ओढीने गालिचा किंचित वर उचलला जायचा आणि त्या पट्ट्या त्याला बडवायच्या.

जुन्या रचनेत पंखा तोंडाच्या लगेच मागे असे आणि कचरा पात्यांमधूनच पिशवीत जाई. हवेची वाट आखूड, त्यामुळे झोत दमदार. पण एखादं नाणं आत गेलं की पात्याचा तुकडा पडलाच. म्हणून पुढे अनेक यंत्रांत पंखा पिशवीच्या पलीकडे गेला आणि त्याच्यापर्यंत गाळलेली हवाच पोहोचू लागली.

तरी पिशवीचं दुखणं राहिलंच. बारीक धुळीने तिची छिद्रं बुजतात आणि ओढ मंदावते. लाकडाच्या वखारीत भुसा वेगळा करणारं चक्रीवादळी शंकू-यंत्र पाहून जेम्स डायसन यांनी तीच युक्ती घरगुती यंत्रात आणायचं ठरवलं. शंकूत हवा गरगर फिरते, धूळ भिंतीवर फेकली जाऊन खाली डब्यात पडते. त्यासाठी त्यांनी 5127 नमुने बनवले. त्यांच्या नावाचा पहिला क्लीनर, डीसी01, 1993 मध्ये बाजारात आला.

यंत्र उलटं करून पाहिलं की त्याची खरी परीक्षा दिसते. रोलरभोवती केस आणि दोरे करकचून गुंडाळलेले असतात. ते कात्रीने कापून काढावे लागतात. पट्टा सैल झाला तर मोटर जोरात घोंगावते आणि ब्रश मात्र हलत नाही. हा पट्टा घरच्या घरी बदलता येणं हा चांगल्या रचनेचा मोठा गुण आहे.

महाराष्ट्रात घरोघरी फरशी असते, त्यामुळे गालिच्यासाठी घडलेलं हे यंत्र इथे फारसं रुजलं नाही. पण ते झाडणाऱ्यानेच घडवलं, हा त्याचा धडा आपल्या कामाचा आहे. कोपऱ्यातला केर, पलंगाखालची धूळ, रोजची ओली फरशी यांच्यासाठी यंत्र करायचं असेल, तर रोज वाकून केर काढणाऱ्या बाईला आधी विचारायला हवं. कुठे अडतं आणि पाठ कुठे भरून येते, हे तिला सर्वांत चांगलं ठाऊक असतं.