चित्रातला डोंगर आणि दारातला डोंगर

शाळेत मुलांना ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की काय होतं, हे शिक्षकांना ठाऊक आहे. दोन त्रिकोणी डोंगर, मधे उगवता सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि नारळाचं झाड! गाव जुन्नर असो की घोडेगाव, चित्र ठरलेलं. आता बाहेर शिवनेरीकडे पाहा. त्याला असं टोक आहे का? आपले डोंगर लाव्हारसाचे थर एकावर एक साचून झालेले. म्हणून माथा पसरट, कडे उभे आणि अंगावर पायऱ्यांसारखे पट्टे. मुलानं डोंगर काढला खरा, पण तो त्याच्या दारातला नव्हे.

आपला मुलूख नीट पाहून रंगवणारे चित्रकार पूर्वीही होते. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (निधन १९३१) यांनी कोटितीर्थ आणि रंकाळ्याचा परिसर निष्ठेने रंगवला. आजचे चित्रकार त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारतात : या जमिनीचं काय झालं, आणि तिच्यावर कोण राबतं?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते (जन्म १९८६) यांचंच उदाहरण घ्या. त्यांच्या घरची माणसं कोळशाच्या खाणीत राबलेली. ते भिंतभर चित्रं काढतात, तीही कोळशाने. खाणीतला कोळसा दगडी, चित्रकाराचा लाकडी. पण आपल्या भाषेत नाव एकच! त्यांच्या चित्रांत जमीन पोखरलेली दिसते आणि माणसाच्या धडावर डोक्याऐवजी एखादी वस्तू वा अवजार बसलेलं असतं. पाहणाऱ्याला आधी गंमत वाटते. मग उमगतं, की जमीन खणता खणता माणूसही बदलून गेला आहे.

दुसरी तऱ्हा इंग्लंडच्या रिचर्ड लाँग यांची. १९६७ साली ते एका कुरणात एकाच रेषेत पुन्हा पुन्हा चालले. गवत दबून रेघ उमटली. तिचा फोटो काढला, हीच कलाकृती. नाणेघाटाची वाट चढलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये. सातवाहनांच्या काळापासून व्यापाऱ्यांच्या आणि बैलांच्या पायांनी मळलेली ती वाट! याच लाँग यांच्या कामाबरोबर डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला मांडली गेली. त्या चित्रांत शेत, झाड, जनावर आणि माणूस एकाच पंगतीला असतात.

आणि आपल्याकडे? जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसं गेली. या मातीतल्या मुलाला डोंगर म्हणजे नुसता देखावा नसतो. मग त्याच्या वहीत तो तसा का उतरावा?

गुरुजनांना एवढंच सुचवावंसं वाटतं, की पुढच्या तासाला विषय थोडा बदलून पाहा. ‘हिरडा गोळा करायला आई कुठल्या वाटेनं जाते, ते काढ.’ ‘पाण्याखाली गेलेलं गाव कसं होतं, ते आजीला विचारून काढ.’ चित्र वेडंवाकडं येईल, येऊ द्या. तेवढ्यासाठी मूल घरी चार प्रश्न विचारील आणि एकदा तरी मान वर करून समोरच्या डोंगराकडे पाहील.