घोट खाली पडत नाही, ढकलला जातो

पोळ्याच्या दिवसांत यवतमाळकडच्या कुठल्याही गावात हौदावर पाणी पिणारा बैल बघा. तोंड खाली, पोट वर, आणि गळ्याच्या कातडीखालून एकेक घोट वर सरकताना स्पष्ट दिसतो. अन्नपाणी आपल्या वजनानं खाली उतरतं, हा समज खरा असता तर बैल तहानलेलाच राहिला असता.

गिळणं हे स्नायूंचं काम आहे. जीभ घास मागे लोटते, मऊ टाळू नाकाची वाट बंद करतो, कंठ वर आणि पुढे उचलला जातो, श्वासनलिकेचं तोंड मिटतं आणि अन्ननलिकेचं उघडतं. घशातला हा सगळा खेळ साधारण एका सेकंदाचा. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळा, तो उचललेला हाताला लागेल. पुढे सुमारे २५ सेंटीमीटर लांबीच्या अन्ननलिकेत आकुंचनाची लाट घास पोटापर्यंत नेते. १९६२ साली जॉन ग्लेन यांनी अंतराळात सफरचंदाचा गर खाल्ला, तो वजन जाणवत नसतानाही सहज गिळला गेला.

म्हणून निजून खाल्लं तरी चालतं, असं मात्र नाही. घसा धडधाकट असेल तर निभतं. लकवा मारलेल्या माणसाचे हेच स्नायू उशिरा हलतात, आणि आडव्या माणसाच्या तोंडातलं पाणी गिळण्याआधीच घशात ओघळतं.

आपल्याकडे गडवा उंच धरून वरून पाणी पितात, आजाऱ्यालाही मान मागे करून पाजतात. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट जास्त उघडी राहते आणि कंठाला वर उचलायला जोर पडतो. बऱ्याच रुग्णांना हनुवटी छातीकडे झुकवल्यानं सोपं जातं. घशाची एक बाजू दुबळी असेल तर मान त्या दुबळ्या बाजूला वळवतात, मग घास चांगल्या बाजूनं उतरतो. कुणाला काय लागू पडेल हे मात्र तपासूनच ठरवावं लागतं. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, तिथे विचारा.

ठसका लागला की "वर बघ" म्हणत डोक्यावर थापटतात. नका करू. पुढे वाकून खोकू द्या, लगेच पाणी पाजू नका. ठसका लागत नाही म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. लकव्यात अन्न श्वासनलिकेत गेलं तरी खोकला न येणारे असतात. जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता झाला, वारंवार ताप येऊ लागला, तर ती अन्न श्वासनलिकेत जात असल्याची खूण.